अडीचकी, त्रैराशिक आणि इन्सुलिनची सुई

साहित्य मंडळाच्या अंकात गणित कशाला, असं कुणीतरी विचारणारच. म्हणून आधीच सांगते, हा लेख निम्म्याहून जास्त भाषेविषयी आहे.

नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलींना जे गणित लागतं, ते जवळजवळ सगळं पाचवी ते आठवीचं असतं. अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर, मापं बदलणं, सरासरी. त्यात कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही. तरी बारावी सायन्सची हुशार मुलगी, जिला हृदयाचे चारही कप्पे झोपेतसुद्धा काढता येतील, ती ‘०.२५ मोठं की ०.१२५’ या प्रश्नाला थबकते. असं का होतं, याचा विचार मी गेले काही महिने करतेय. कारण मोरजीत आमच्या वाड्यावरची एक मुलगी आठवड्यातून तीन संध्याकाळी माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी ही उदाहरणं सोडवतो. ती बारावीला आहे, तिला नर्स व्हायचंय. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय मराठी. म्हणजे आमच्यात गणिताचं असं कुणीच नाही, आणि मला वाटतं त्याचा फायदाच होतो.

आधी परीक्षांचं बघू. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. गणिताची अट नाही. जीएनएम तीन वर्षांचं, तिथे तर कुठल्याही शाखेची बारावी चालते. त्यामुळे नर्सिंगकडे वळणाऱ्या कितीतरी मुलींनी दहावीनंतर गणिताचं पुस्तक मिटलेलं असतं, आणि आनंदाने मिटलेलं असतं. मग ते मागच्या दाराने परत येतं. महाराष्ट्राच्या नर्सिंग सीईटीत गणित असा वेगळा विभाग नाही, पण फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न आकडेमोडीशिवाय सुटत नाहीत. लष्कराच्या नर्सिंग कॉलेजांसाठी नीटचे गुण लागतात आणि वर सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी. अमेरिकेतल्या बऱ्याच नर्सिंग कॉलेजांच्या प्रवेशाला ‘टीज’ नावाची परीक्षा असते, तिच्यात गणिताचे ३८ प्रश्न ५७ मिनिटांत सोडवायचे. आणि शिकून, नोकरी करून पुढे इंग्लंडला जायचं म्हटलं, तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या संगणक चाचणीचा पहिला भागच अंकगणिताचा आहे: १५ प्रश्न, ३० मिनिटं, पर्याय नाहीत, उत्तर आपणच टाइप करायचं. गोव्यात हे दूरचं वाटत नाही. आमच्या नात्यागोत्यात बघा, कुणी ना कुणी नर्स होऊन बाहेर गेलेली सापडतेच.

थोडक्यात, पहिल्या प्रवेशाला गणित कमी लागो की जास्त, ते पाठ सोडत नाही.

आता मुद्द्यावर येते. पेडण्यातल्या आमच्यासारख्या गावांत मुलं पहिली ते चौथी मराठी शाळेत शिकतात. घरी कोंकणी, शाळेत मराठी. पाढे मराठीत, बेरीज-वजाबाकीची गाणी मराठीत. पाचवीला हायस्कूलात गेलं की माध्यम इंग्रजी. आणि अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी नेमके पाचवीनंतर जोरात सुरू होतात. म्हणजे ‘सात आठे छप्पन्न’ डोक्याच्या एका खोलीत आणि ‘थ्री बाय फोर’ दुसऱ्या खोलीत. मधलं दार कुणी उघडून दिलेलं नसतं. माझ्या या विद्यार्थिनीला, तिला विद्यार्थिनी म्हटलेलं आवडत नाही, ती मला ताई म्हणते, तर तिला ‘वन पॉइंट टू फाइव्ह इनटू एट’ असं विचारलं की ती वही ओढते. ‘आठचे सव्वापट किती?’ विचारलं की मान वर न करता ‘दहा’ म्हणते. गणित एकच. मग तिला गणित येत नाही असं कसं म्हणायचं?

मराठीत अपूर्णांकांना घरगुती नावं आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आणि नुसती नावं नाहीत, त्यांचे पाढेही होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजच्या मुलांनी हे शब्द ऐकलेलेही नसतात, पण जुन्या शाळांत हे पाढे पाठ करून घ्यायचे, कारण बाजारातला सगळा व्यवहार पाव-पाऊणचा. शेजारच्या आजोबांना अजून येतात. आम्ही त्यांच्याकडून ते उतरवून घेतले आणि त्यांच्यापुढे दशांश लिहिले: पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, अडीच २.५, औट ३.५. एका पानाचा तक्ता. मला विचाराल तर प्रवेश परीक्षेच्या तयारीतलं सर्वांत उपयोगी पान हेच.

त्या तक्त्याने पहिला घोटाळा सुटला तो दशांशाचा. डिगॉक्सिन नावाचं हृदयाचं औषध आहे, त्याची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची मिळते. रुग्णाला ०.१२५ मिलिग्रॅम द्यायचं तर किती गोळ्या? १२५ हा आकडा २५ पेक्षा मोठा दिसतो, म्हणून घाईत वाटतं की एकाहून जास्त गोळ्या लागणार. पण ०.२५ म्हणजे पाव, आणि ०.१२५ म्हणजे पावाचा अर्धा. अर्धी गोळी. ‘पावाचा अर्धा पावापेक्षा मोठा कसा असेल?’ असं तीच म्हणाली, आणि मग ०.१२५ च्या मागे एक शून्य ठेवलं तर काय होतं, पुढे ठेवलं तर काय होतं, हे समजावायची गरज उरली नाही.

शून्याचे दोन नियम मात्र पाठच करायचे. एकाहून लहान संख्या लिहिताना दशांश चिन्हाच्या आधी शून्य लिहायचंच: ‘.५’ नाही, ‘०.५’. कारण टिंब पुसट झालं तर ‘.५’ चं पाच होतं. आणि पूर्ण संख्येच्या मागे दशांश शून्य लिहायचं नाही: ‘५.०’ नाही, ‘५’. टिंब दिसलं नाही तर पन्नास. एक शून्य, दहापट औषध. गणिताच्या तासाला ५ आणि ५.० मध्ये काही फरक नसतो. वॉर्डात असतो. व्याकरणात विरामचिन्हांना आपण किती हलकं घेतो, ते इथे आठवतं.

मापांचंही तसंच. एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम, एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. प्रत्येक पायरी हजाराची. मोठ्या मापातून लहान मापात जाताना गुणायचं, कारण तुकडे लहान झाले की संख्या वाढणार. हे एवढं वाक्य मनात म्हटलं तर गुणायचं की भागायचं हा गोंधळ होत नाही. नारळ एक, कातळ्या अनेक. मायक्रोग्रॅमसाठी ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर हाताने लिहिलं तर ते मिलिग्रॅमच्या ‘एम’सारखं दिसू शकतं, म्हणून आता ते टाळून ‘एमसीजी’ लिहायला सांगतात. एका अक्षराच्या वळणाने हजारपट फरक.

पण या सगळ्याचा कणा म्हणजे त्रैराशिक.

त्रैराशिक हा शब्द आपण थट्टेतही वापरतो. नियम मात्र फार जुना. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त तो दिलाय, भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त त्याची उदाहरणं आहेत. तीन राशी माहीत, चौथी काढायची. त्या तिघींची जुनी नावं मला फार आवडतात: प्रमाण, फल आणि इच्छा. तीन नारळांना एक किलो गूळ, तर बारा नारळांना किती? तीन नारळ हे प्रमाण, एक किलो गूळ हे फल, बारा नारळ ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. उत्तर चार किलो. हे उदाहरण माझ्या शामायचं, म्हणजे आजीचं. नाताळच्या दोदोलाचं. ती शिवोलीची, लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेलेली. त्रैराशिक हा शब्द तिला माहीत नाही, ती त्याला ‘रेग्रा द त्रेश’ म्हणते, तिघांचा नियम. नाव वेगळं, चुलीवरचं गणित तेच.

आता नर्सिंगच्या कुठल्याही इंग्रजी पुस्तकात डोस काढायचं सूत्र बघा: डिझायर्ड भागिले हॅव, गुणिले क्वांटिटी. हवा असलेला डोस, भागिले हातात असलेली ताकद, गुणिले ती ताकद जेवढ्या द्रवात आहे ते माप. डिझायर्ड! म्हणजे इच्छाच की. हॅव म्हणजे प्रमाण, क्वांटिटी म्हणजे फल. मला हे जुळलं त्या संध्याकाळी मी एवढी खूश झाले की माझ्या विद्यार्थिनीला वाटलं मला पेपरात पहिला नंबर आला. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण सूत्र तिने त्यानंतर पाठ केलं नाही, तिला ते पाठ करावंच लागलं नाही.

एक सबंध उदाहरण घेऊ. बारा किलोचं मूल आहे, ताप आहे. प्रश्नात दिलंय: पॅरासिटामॉल दर किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे १२ गुणिले १५, १८० मिलिग्रॅम. ही झाली इच्छा. आता बाटली. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं: ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. मराठीत म्हणायचं तर सव्वाशेची बाटली आणि अडीचशेची बाटली. सव्वाशेच्या बाटलीतून: १८० भागिले १२५ गुणिले ५, म्हणजे ७.२ मिलिलिटर. अडीचशेच्या बाटलीतून ३.६ मिलिलिटर. बरोब्बर निम्मं. शिवाय तान्ह्या मुलांसाठीचे थेंब असतात, त्यांत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असू शकतं. त्यातून १.८ मिलिलिटर. तीन बाटल्या, औषध एकच, नाव एकच, आणि द्यायचं माप तीन तऱ्हांचं. जी आई ‘मागच्या वेळी दीड चमचा दिलं होतं’ म्हणून नव्या बाटलीतून दीड चमचा देते, तिने लेबलावरचं ‘हॅव’ वाचलेलं नसतं. हा हिशेब परीक्षेसाठी आहे हं, घरी डॉक्टरांना विचारूनच द्यायचं.

यात गणिताची पायरी एक आणि वाचनाच्या पायऱ्या तीन. किती हवं, किती ताकदीचं आहे, कशात आहे. मी तिला उदाहरण दिलं की पहिली दोन मिनिटं पेन्सिल हातात घेऊ देत नाही. प्रश्न मराठीत किंवा कोंकणीत सांग, मग सोडव. आपण कवितेचा आशय स्वतःच्या शब्दांत सांगतो ना, तसं. ज्याला प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगता आला, त्याचं अर्धं काम झालं.

आणि आता इन्सुलिन. हे उदाहरण मी सगळ्यांना सांगते, कारण यात अडीचकी जिवंत होते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ‘यू-४०’ असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं ‘यू-१००’, एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. बाटलीतही यू-१०० मिळतं. सिरिंजही दोन प्रकारच्या: यू-४० ची लाल टोपीची, यू-१०० ची नारिंगी टोपीची. सिरिंजवरच्या रेघा मिलिलिटरच्या नसतात, युनिटच्या असतात, आणि त्या फक्त आपल्या जोडीच्या इन्सुलिनसाठीच खऱ्या असतात.

समजा रुग्णाला २० युनिट द्यायचेत. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, पण इन्सुलिन यू-१०० निघालं. काय झालं? यू-४० च्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. यू-१०० च्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास. शंभर भागिले चाळीस म्हणजे अडीच, वीसची अडीचकी पन्नास. रक्तातली साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, वेळेवर कळलं नाही तर जीवही जाऊ शकतो. उलट झालं तर, म्हणजे यू-४० इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये २० पर्यंत घेतलं, तर फक्त ०.२ मिलिलिटर जातं, त्यात ८ युनिट. साखर वाढलेलीच राहते आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही.

गुणाकार पाचवीचा आहे. पण ज्या मुलीला दहावीनंतर ‘तुझं गणित कच्चं’ असं सांगून गप्प केलंय, ती या ठिकाणी शंका विचारायला घाबरेल, दुसऱ्याने काढलेला आकडा मुकाट्याने मान्य करेल. मला भीती त्याची वाटते. परीक्षेत दोन मार्क गेले तर जाऊ देत.

शब्दांच्या सापळ्यांविषयी थोडं. ‘वजन ५ किलोने कमी झालं’ आणि ‘वजन ५ किलोपर्यंत कमी झालं’ यातला फरक आपल्याला मराठीत लगेच जाणवतो, इंग्रजीत ‘बाय’ आणि ‘टू’ वर डोळा ठरत नाही. ‘ऑफ’ आला की बहुतेक वेळा गुणाकार: ‘टेन परसेंट ऑफ फिफ्टी’. ‘पर’ आला की दर, म्हणजे भागाकाराचं नातं. सर्वांत फसवा ‘इन डिव्हायडेड डोसेस’. वीस किलोच्या मुलाला दिवसाला दर किलो ५० मिलिग्रॅम, दोन डोसांत विभागून, एका वेळी किती? २० गुणिले ५० म्हणजे १०००, पण ते दिवसाचं. एका वेळी ५००. हजार हा पर्याय उत्तरांच्या यादीत मुद्दाम ठेवलेला असतो, आणि तो बघून आपल्याला बरं वाटतं.

संख्या ऐकण्यातही भाषेचा खेळ आहे. मराठीत आधी एकक आणि मग दशक: बासष्ट, म्हणजे दोन आणि साठ. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात केवढं वादळ झालं होतं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की मुलांना सोपं जावं म्हणून हे आहे, जोडाक्षरांचे शब्द कुणी काढून घेत नाहीये. मला स्वतःला बासष्टच गोड वाटतं. पण बोलताना ऐकून लिहायचं असेल तेव्हा त्या समितीचं म्हणणं पटतं. इंग्रजीही साधी नाही, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. म्हणून तोंडी सूचना घेताना ‘पंधरा, एक पाच’ असं अंक सुटे करून परत म्हणायची पद्धत दवाखान्यांत शिकवतात.

त्रैराशिकाचा एक धोका सांगायलाच हवा, कारण ते एकदा जमलं की मुली प्रत्येक ठिकाणी लावतात. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. एका घरट्यात साधारण शंभर अंडी, ती फुटायला ४५ ते ६० दिवस. मी विचारलं, शंभर अंड्यांना ५० दिवस, तर पन्नास अंड्यांना किती? ‘पंचवीस,’ ती पटकन म्हणाली, मग स्वतःच हसायला लागली. अंडी निम्मी झाली म्हणून ती लवकर फुटत नाहीत. तिथे प्रमाणच नाही. आणि कुठे कुठे प्रमाण उलटं असतं, एक वाढलं की दुसरं घटतं. रापण ओढायला माणसं जास्त आली तर वेळ कमी लागतो. तसंच सलाइनचं: ५०० मिलिलिटरची बाटली ताशी ५० ने लावली तर दहा तास, ताशी १०० ने लावली तर पाच. आणि कुठे प्रमाण असतं पण त्याला छत असतं. मघाचाच पॅरासिटामॉलचा हिशेब ९० किलोच्या माणसाला लावला तर १३५० मिलिग्रॅम येतात, पण मोठ्या माणसाला एका वेळचा नेहमीचा कमाल डोस १००० मिलिग्रॅमचा. म्हणून सूत्र लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे वाढलं तर ते वाढेल का? वाढेल, घटेल, की काहीच होणार नाही?

सलाइनच्या थेंबांचं उदाहरण जवळजवळ सगळ्या सराव-पुस्तकांत असतं, म्हणून तेही करून टाकू. नळीच्या सेटवर लिहिलेलं असतं, एका मिलिलिटरचे किती थेंब. समजा २०. बाटली ५०० मिलिलिटरची, आठ तासांत संपवायची. एकूण थेंब ५०० गुणिले २०, दहा हजार. आठ तासांची मिनिटं ४८०. दहा हजार भागिले ४८०, म्हणजे २०.८३. थेंबाचे तुकडे होत नाहीत, म्हणून मिनिटाला २१ थेंब. लहान मुलांसाठी बारीक थेंबांचा सेट असतो, एका मिलिलिटरचे ६०. तिथे गंमत अशी की तासाची मिनिटंही ६०, त्यामुळे दोन्ही साठ एकमेकांना कापतात आणि ताशी जितके मिलिलिटर, तितकेच मिनिटाला थेंब. ताशी ४० तर मिनिटाला ४०. आकडेमोडच नाही. हे कळल्यावर माझी विद्यार्थिनी चिडली, ‘मग आधी का नाही सांगितलं?’

शेकडेवारी सलाइनच्याच बाटलीवर शिकता येते. ०.९ टक्के मीठ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम. मग ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या त्याच मापाच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. आणि तापमापीसाठी: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा. १०४ म्हणजे ४०, ९८.६ म्हणजे ३७. हे दोन आकडे लक्षात ठेवले तर मधल्या उत्तरांवर नजर ठेवता येते.

सरावाची आमची पद्धत साधी आहे. रोज दहा उदाहरणं, जास्त नाहीत. कॅल्क्युलेटर नाही. प्रत्येक उदाहरणात आधी अंदाज लिहायचा: उत्तर एका गोळीहून कमी येणार की जास्त, एका चमच्याच्या आसपास की बाटलीभर? मग सोडवायचं. अंदाज आणि उत्तर यांचं भांडण झालं तर उत्तरावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. उत्तरात माप लिहिलं नसेल तर ते चूक धरायचं, आकडा बरोबर असला तरी. नुसतं ‘३.६’ हे उत्तर नाही, ३.६ काय? सुरुवातीला ती विचार मराठीत करायची आणि मी तसंच करू दिलं. आता महिन्याभरापासून शेवटची ओळ इंग्रजीत लिहायला लावते, कारण पेपर इंग्रजीत येणार आणि वॉर्डातली फाइलही इंग्रजीतच असणार. मराठीत समजायचं, इंग्रजीत मांडायचं. आपण दोन भाषांतली माणसं, आपल्याला एवढं जमायला हवं. काही क्लासवाले पहिल्या दिवसापासून ‘इंग्लिशमध्येच विचार करा’ म्हणतात, ते मला पटत नाही. मूल ज्या भाषेत पाव आणि अर्धा शिकलं, त्या भाषेत ते जास्त खात्रीने नाही म्हणू शकतं.

ज्यांच्या घरी कुणी या परीक्षेची तयारी करतंय, त्यांच्यासाठी आमच्या वहीतली चार उदाहरणं देते. आधी अंदाज लिहा.

गोळी ५०० मिलिग्रॅमची आहे, डोस ०.७५ ग्रॅम. किती गोळ्या?

इंजेक्शनच्या बाटलीत २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम आहे. ६० मिलिग्रॅम द्यायचेत. किती मिलिलिटर घ्याल?

ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी आहे आणि त्यात २०.५ ग्रॅम पावडर. कुणीतरी सगळं पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालवलं. द्रावण किती पट कडक झालं?

एक लिटर सलाइन दहा तासांत द्यायचंय, सेट १५ थेंबांचा. मिनिटाला किती थेंब?

उत्तरं: पाऊण ग्रॅम म्हणजे साडेसातशे मिलिग्रॅम, म्हणून दीड गोळी. दुसऱ्यात दीड मिलिलिटर. तिसऱ्यात पाचपट, आणि २०.५ हा आकडा तिथे नुसता घाबरवायला ठेवलाय, तो लागतच नाही. चौथ्यात २५ थेंब.